नागपुरात डिझेल पिकअप घेताना: जुने बीएस-४ इंजिन की नवे बीएस-६?

कळमन्याच्या बाजारात भाजीपाला पोहोचवणाऱ्या, हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांचा सुटा माल उचलणाऱ्या किंवा काटोल-नरखेडकडून संत्री आणणाऱ्या माणसापुढे सध्या दोन मार्ग असतात. कर्ज काढून नवी बीएस-६ (धुरातील प्रदूषणाच्या ‘भारत स्टेज’ निकषांचा सहावा टप्पा) पिकअप घ्यावी, किंवा २०१७ ते २०२० या काळातली बीएस-४ पिकअप बऱ्याच कमी पैशांत घेऊन हप्त्याच्या ओझ्यातून सुटावे. किंमत, मायलेज आणि हौद्याची लांबी यांची तुलना बहुतेक जण सौद्याआधी करतात. इंजिन कशाने बसते (निकामी होते) आणि ते बसू नये म्हणून कोणत्या गाडीला काय लागते, याची तुलनाही त्याच वेळी व्हायला हवी, कारण भर हंगामात निघालेले इंजिनकाम दुरुस्तीच्या खर्चाबरोबर कित्येक दिवसांचे भाडेही बुडवते.

बीएस-४ निकष देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. प्रत्यक्ष इंजिनाच्या लोखंडात मात्र या बदलामुळे फारसा फरक पडलेला नाही. दोन्ही पिढ्यांत बहुतेक ठिकाणी कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी यंत्रणा) आणि टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) आहेच. खरा फरक धुराच्या वाटेवर आहे: बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ, त्यावर लक्ष ठेवणारे सेन्सर आणि अधिक बारकाईने चालणारी ईजीआर यंत्रणा (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी) असते.

नागपूरच्या हवेत दोन्ही इंजिनांचा पहिला शत्रू उष्णता आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रेडिएटरमधून जाणारी हवाच इतकी गरम असते की थंड करण्याच्या यंत्रणेत राखीव ताकद उरत नाही आणि हिवाळ्यात लपलेला प्रत्येक दोष त्या महिन्यात उघडा पडतो. आमच्या घरच्या एका जुन्या पिकअपचे हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधले पॅकिंग) असेच अमरावती रस्त्यावर कोंढाळीच्या अलीकडे उडाले. तापमानाचा काटा वर चढलेला चालकाने पाहिला होता, पण पुढच्या धाब्यापर्यंत पोहोचू या विचाराने तो चालवत राहिला, आणि तेवढ्या अंतरात हेड वाकले. गाडी उघडल्यावर कारण दिसले: दोन वर्षे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरले जात होते, त्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसला होता आणि पंख्याचा क्लचही ढिला पडला होता. वेळेवर भरलेले चांगले कूलंट त्या दुरुस्तीच्या मानाने अगदीच स्वस्त पडले असते.

या बाबतीत जुनी गाडी अधिक धोक्याची आहे, कारण आधीच्या मालकाने तिच्यात कोणते पाणी भरले हे आपल्याला कळत नाही. त्यातच काही मेकॅनिक इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅटच (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाकतात. त्याने मूळ दोष जात नाही; उलट हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, झीज वाढते आणि डिझेल अधिक जळते. नव्या गाडीत रेडिएटर स्वच्छ असतो आणि तापमान वाढल्यास इंजिनाचा संगणक बरेचदा ताकद आपोआप कमी करतो, हा मोठा आधार आहे. तिच्याही बाबतीत एक सावधगिरी हवी: ईजीआर कूलर आतून फुटला, तर कूलंट जमिनीवर एक थेंबही न सांडता धुराबरोबर निघून जाऊ शकते. कूलंटच्या टाकीतील पातळी वारंवार खाली जात असेल आणि गळती दिसत नसेल, तर वरून भरत राहण्यापेक्षा तपासणी करून घ्यावी.

बीएस-६ बद्दलची सर्वांत मोठी भीती डीपीएफची आहे, आणि ती निराधार नाही. या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी त्यातले तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी इंजिन थोडे जास्तीचे डिझेल उशिरा सोडते, आणि काही वेळ गाडी सलग वेगात चालली तर काजळी जळून जाते. समृद्धी महामार्गावर किंवा वर्धा रोडने रोज लांबची फेरी करणाऱ्या गाडीत हे चालकाच्या नकळत पार पडते. मात्र पहाटेपासून बाजाराच्या गेटवर इंजिन चालू ठेवून रांगेत उभी राहणारी आणि नंतर इतवारी, गांधीबाग, महाल अशा गल्ल्यांत चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी ही प्रक्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट सोडते. जळायचे राहिलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर पुष्कळ चालक ते चांगले लक्षण समजतात. खरे तर पातळ झालेल्या त्या ऑइलने बेअरिंग आणि टर्बो दोन्ही झिजतात, आणि शेवटी इंजिन बसते. डीपीएफचा दिवा लागला की शक्य तितक्या लवकर मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग गाडी चालवावी आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या दर्जाचेच घालावे, कारण काजळी जळते, पण ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. फिल्टर कापून काढण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो बेकायदा आहे आणि वॉरंटीही घालवतो.

म्हणूनच मला असे वाटते की पूर्ण दिवस शहरातच फिरणाऱ्या गाडीसाठी चांगली राखलेली बीएस-४ पिकअप आजही अधिक समजूतदार निवड ठरू शकते. लांब पल्ल्याच्या कामाला मात्र मी नवीच गाडी सुचवीन.

इंधनाच्या बाबतीत दोघींत डावे-उजवे करता येत नाही. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो, त्यामुळे पाण्याचा अंश किंवा बारीक कचरा इंजेक्टरला परवडत नाही. एखादा इंजेक्टर उघडा राहिला तर तो पिस्टनच्या डोक्याला भोक पाडतो; पंप आतून झिजला तर त्याचा लोखंडी कीस संपूर्ण यंत्रणेत पसरतो आणि पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळे बदलावे लागते. पावसाळ्यात फिल्टरखालचे पाणी काढणे आणि ड्रममधले डिझेल न भरणे, एवढ्याने हा धोका बराच कमी होतो.

कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी, हे ठरवताना मी आधी इंजिनाचा आकार आणि त्यातून काढलेली ताकद यांचे प्रमाण पाहतो. महिंद्रा बोलेरो पिकअपचे २५२३ सीसीचे इंजिन सुमारे ७५ ते ८० अश्वशक्ती देते आणि इसुझू डी-मॅक्सच्या मालवाहू गाडीचे २४९९ सीसीचे इंजिन ७८. म्हणजे दोन्हींत लिटरमागे तीसच्या आसपास. टाटा योद्धाचे २१७९ सीसीचे इंजिन १०० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे लिटरमागे सुमारे ४६. अशोक लेलँड दोस्तच्या तीन सिलिंडरच्या १४७८ सीसी इंजिनातून पूर्वी साठच्या आत अश्वशक्ती निघत असे, बीएस-६ मध्ये ती ८० झाली, म्हणजे लिटरमागे ५४. लहान इंजिन वाईट असते असा याचा अर्थ नाही. दीड टनाच्या आत आणि सपाट रस्त्यावर दोस्तसारखी गाडी डिझेल वाचवते. परंतु ज्याच्याकडून ऑइलबदलाची तारीख चुकते आणि जो चिखलदऱ्याच्या घाटात भरलेली गाडी नेतो, त्याला कमी ताण असलेले मोठे इंजिन जास्त चुका माफ करते. योद्धाची ताकद घाटात जाणवते, मात्र तिच्या टर्बोची आणि ऑइलची काळजी तेवढीच काटेकोर हवी. डी-मॅक्सचे इंजिन मला मनापासून आवडते, पण विदर्भातील तालुक्याच्या गावी महिंद्रा आणि टाटाचे सुटे भाग जितक्या सहज मिळतात तितके तिचे मिळत नाहीत, आणि गाडीवरच पोट असलेल्या माणसाने ही गोष्ट दुय्यम मानू नये.

क्षमतेपेक्षा अधिक भरण्याची सवय असेल, तर ही सगळी तुलना व्यर्थ आहे. जादा पाटे टाकून कमान उंच करता येते, इंजिन मात्र तेच राहते. मृग बहराची संत्री फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात, तेव्हा ऊन चढत असते आणि क्रेटही वाढत असतात. त्याच आठवड्यांत वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने ओढत नेलेले इंजिन सर्वाधिक तापते. ज्याला रोज दोन टन न्यायचे आहेत, त्याने दीड टनाची गाडी स्वस्त आहे म्हणून घेऊ नये.

जुनी गाडी पाहायला सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना जावे. विक्रेत्याने आधीच गाडी चालू करून ठेवली असेल, तर बोनेटला हात लावून परत यावे आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मागावी. थंड इंजिन पहिल्या सेल्फमध्ये उठते का आणि निळा धूर किती वेळ टिकतो, हे पाहावे. ऑइलचे झाकण उघडल्यावर चालत्या इंजिनातून जोराचा वाफारा येत असेल, तर पिस्टनच्या रिंग गेल्या आहेत असे समजावे. झाकणाखाली दुधाळ थर असेल, तर पाणी आणि ऑइल एकत्र येत असल्याचा संशय धरावा. त्यानंतर इंजेक्टरची रिटर्न तपासणी (प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत येते ते मोजणे) पैसे देऊन करून घ्यावी आणि दुपारच्या उन्हात, शक्य असल्यास माल भरून, अमरावती रस्त्यावर तासभर गाडी चालवावी. सौदा झालाच, तर पहिल्या आठवड्यातच रेडिएटर उघडून साफ करणे, होज, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि सगळे बेल्ट बदलणे यासाठीचे पैसे किमतीतच धरावेत. तेवढी रक्कम मिळवूनही जुनी गाडी पुरेशी स्वस्त वाटत नसेल, तर नव्या गाडीचा हप्ताच परवडतो.