‘पेटी घेऊन या’ म्हणणारे रावपुऱ्यातील फिजिओथेरपी केंद्र

तीस वर्षे भजनांना आणि नाट्यपदांना पेटीची साथ केल्यानंतर, गेल्या वर्षी द्रुत ताना वाजवताना माझ्या उजव्या हाताची अनामिका व करंगळी आपोआप तळहाताकडे वळू लागली. दुखत मुळीच नव्हते आणि लिहिताना-जेवताना बोटे नीट चालत होती. त्यामुळे एका दवाखान्यात सांधेदुखीचे मलम देऊन माझी बोळवण करण्यात आली. वडोदऱ्यातील या केंद्रात मात्र वेळ ठरवतानाच ‘पेटी घेऊन या’ असे सांगितले गेले.

तेथील बाईंनी बराच वेळ नुसते वादन पाहिले आणि मग पातळ रबरी हातमोजा घालून तीच तान वाजवायला लावली. बोटे काही क्षण सैल राहिली. स्पर्श बदलताच वळणे कमी होणे हे फोकल डिस्टोनियाचे लक्षण असू शकते आणि त्यातला बिघाड बोटांत नसून हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत असतो, असे त्यांनी समजावले. (अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची हीच दोन बोटे 1960च्या दशकात वळू लागली आणि स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या इंजेक्शनांचा आधार मिळाल्यावर 1990च्या दशकात ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले, हे मी घरी येऊन वाचले.) ‘हे मालिशने जाणारे नाही’ असे स्पष्ट सांगून त्यांनी न्यूरॉलॉजिस्टच्या नावे चिठ्ठी दिली. मला दहा बैठका घ्यायला लावणे त्यांना सहज शक्य होते.

सतार शिकणारी माझी एक विद्यार्थिनी डाव्या अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या वेदनेसाठी तेथेच गेली. तिचे दुखणे अतिवापराने सुजलेल्या स्नायुबंधांचे निघाले. तिला आधी विश्रांती, मग रोज पाच मिनिटांपासून वाढवत नेलेला रियाज आणि दांडीवरील अंगठ्याची पकड सैल करण्याचा सराव असा क्रम दिला गेला, आणि दीड महिन्यात ती पुन्हा तार ओढून मींड घेऊ लागली.

उणिवाही आहेत. संध्याकाळी दिलेली वेळ पाळली जात नाही, आणि प्लायवूडच्या पडद्याआडून शेजारच्या रुग्णाची कंबरदुखी आपल्याला सविस्तर ऐकावी लागते. केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. वाद्य जड असेल तर सकाळची वेळ मागावी, कारण तेव्हा खालचा रखवालदार पेटी वर चढवायला हात लावतो.