मांडवीचे डायाटम: ऑइल इमर्शन की एसईएम?

मांडवी-झुआरीच्या पाण्यातले डायाटम (सिलिकाचं, म्हणजे काचेसारखं कवच असलेले एकपेशीय शैवाल) ओळखायचे तर लॅबमधला प्रकाशीय सूक्ष्मदर्शक पुरेल, की एसईएमवर, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, वेळ मागावा? आकड्यांत तुलनाच नाही. भौतिकशास्त्रज्ञ आबेच्या 1873च्या सूत्राने, म्हणजे तरंगलांबी भागिले दुप्पट एनए (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचं माप), हिरव्या प्रकाशात 1.4 एनएचं ऑइल इमर्शन भिंग (नमुन्याची काच आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब) साधारण 200 नॅनोमीटरवर थांबतं; त्याहून जवळचे तपशील वेगळे दिसत नाहीत. 30 किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी 0.007 नॅनोमीटर. तरीही टंगस्टन फिलामेंटचा एसईएम 3-4 नॅनोमीटरच्या पुढे जात नाही, कारण चुंबकीय भिंगांचे दोष आवरायला शलाकेचा कोन फार अरुंद ठेवावा लागतो. आणि हा आकडाही कार्बनवरच्या सोन्याच्या कणांवर मोजलेला असतो, तुमच्या नमुन्यावर नव्हे.

प्ल्युरोसिग्मा अँग्युलेटम या डायाटमच्या कवचावर 10 मायक्रोमीटरमध्ये वीसेक रेघा असतात, म्हणजे अर्ध्या मायक्रोमीटरला एक. 40एक्स, 0.65चं भिंग तिथे जेमतेम पोचतं. 100एक्सच्या तेलाच्या भिंगाने त्या स्वच्छ सुटतात. फक्त कंडेन्सरलाही (नमुन्यावर प्रकाश एकवटणारं खालचं भिंग) तेल हवं. तो कोरडा ठेवला तर त्याचा एनए 0.9च्या आसपास अडतो आणि 200 नॅनोमीटरचे 240 होतात. बरेच जण हे टाळतात आणि दोष भिंगाला देतात. कवचं हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ करून नॅफ्रॅक्स या जास्त अपवर्तनांकाच्या राळेत बसवा; कॅनडा बाल्समचा अपवर्तनांक सिलिकाच्या फार जवळ असल्याने रेघा फिक्या पडतात.

एसईएमबाबत माझं मन बदलतं ते सुकवण्याच्या पायरीवर. मे महिन्यात मांडवीच्या मुखाशी पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं असतं. फिल्टरवरचा नमुना टप्प्याटप्प्याने गोड्या पाण्यावर आणला नाही, तर मिठाचे चौकोनी स्फटिक नेमके छिद्रांवर बसतात. पावसाळ्यात मीठ कमी, पण गाळ चिकटतो. पुढे 30 ते 100 टक्के इथेनॉल, मग द्रव कार्बन डायऑक्साइडमध्ये क्रिटिकल पॉइंट ड्राइंग (दाब आणि तापमान वाढवून, पृष्ठताण लागू न देता सुकवणं). ते वगळून हवेत सुकवलं की पृष्ठताणाने पातळ कवचं चपटी होतात, साखळ्या मोडतात. शेवटी सोन्याचा मुलामा. तो पातळ पडला तर सिलिका विद्युतभारित होऊन चित्रावर पांढरे पट्टे येतात, जाड झाला तर सोन्याचेच दाणे दिसतात. एवढं करून हाती येते ती मेलेली पेशी. हरितद्रव्य कुठे, पेशी हलते का, हे कायमचं गेलं.

प्रकाशीय यंत्रालाही गोव्यात जपावं लागतं. जून ते सप्टेंबर भिंगावर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेल हवंच.

तरी रोजच्या ओळखीसाठी माझा कल ऑइल इमर्शनकडे. स्केलेटोनेमा किंवा स्यूडो-नित्शिया या डायाटमांच्या प्रजाती ठरवायच्या असतील तर मात्र इलेक्ट्रॉनला पर्याय नसावा. त्यातल्या स्यूडो-नित्शियाची साफ केलेली कवचंच पाठवा, मग क्रिटिकल पॉइंटची गरज उरत नाही: ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, स्टबवर (एसईएममध्ये नमुना ठेवायची धातूची चकती) थेंब सुकवा, सोनं चढवा.