संभाजीनगरात भाड्याचं घर: सिडको, गारखेडा, सातारा-देवळाई की वाळूज?

छत्रपती संभाजीनगरात घर शोधायला निघालेला माणूस आधी भाडं विचारतो. तो प्रश्न तिसरा-चौथा असला तरी चालेल. आधी विचारायचं ते हे: नळाला किती दिवसांनी पाणी सुटतं, आणि ते साठवायला हौद केवढा आहे? परभणी, बीड, जालन्याकडून नोकरीसाठी किंवा पोरांच्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लाससाठी येणाऱ्यांना टंचाई नवी नाही. पण गावी आड असतो, कुणाच्या तरी शेतातली विहीर असते. इथे तिसऱ्या मजल्यावर टाकी कोरडी पडली की टँकरवाल्याचा नंबर फिरवण्यापलीकडे काही हातात नसतं.

शहराचं पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून उपसलं जातं, फारोळ्याला शुद्ध होतं, नक्षत्रवाडीला चढवलं जातं आणि तिथून वेगवेगळ्या जलकुंभांत येतं. वर्षानुवर्षं सगळी भिस्त ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन जुन्या जलवाहिन्यांवर राहिली. उपशाच्या ठिकाणी तासभर वीज गेली तरी नुकसान तासाभराचं होत नाही. वाहिनी रिकामी होते, ती पुन्हा भरून दाब येईपर्यंत आणखी काही तास जातात, आणि त्या दिवशी ज्या वसाहतींचा नंबर असतो तो दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो. पैठण रोडला वाहिनी फुटली तर विचारायलाच नको. म्हणून घरमालक ‘पाच दिवसांआड’ म्हणाला तर सात धरून चाला. २५०० मिलिमीटरच्या जलवाहिनीची नवी योजना १,६८० कोटींची म्हणून सुरू झाली आणि २,७४० कोटींवर गेली. तिच्या भरवशावर भाडं ठरवू नका. ‘आता रोज पाणी येणारच आहे’ हे वाक्य भाडेकरारात कुणी लिहून देत नाही. आज नळाला जेवढं येतं तेवढंच खरं.

हौदाचं गणित

शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे चौघांना ५४०. एवढं इथे कुणी धरत नाही. बादलीने अंघोळ, धुण्याचं पाणी फरशीला अशी काटकसर केली तर माणशी ७० लिटरमध्ये भागतं, म्हणजे घराला २८०. सातावर एक दिवस जास्तीचा धरून आठ दिवसांचे झाले २,२४०. एप्रिल-मेमध्ये मोठा कूलर दिवसाला ५० लिटर सहज पितो, म्हणजे आणखी ४००. गच्चीवरची १,००० लिटरची काळी टाकी दाखवून ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ म्हणणाऱ्या मालकाचं पाणी जेमतेम साडेतीन-चार दिवसांचं असतं.

खालचा हौद मोजायला टेप लागतो, बाकी काही नाही. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत घ्या, गुणाकार करा, त्याला २८ ने गुणा. सहा बाय पाच बाय चार फुटांचा हौद म्हणजे ३,३६० लिटर. एका कुटुंबाला हा बरा. वर मालक आणि शेजारी दुसरा भाडेकरू असेल तर वाट्याला हजार-अकराशे लिटर येतात आणि तिसऱ्या दिवसापासून कुरबूर सुरू होते.

झाकण उघडून आत बघा, मालकाला राग आला तरी चालेल. आतल्या भिंतीवर पाण्याची पट्टी उमटलेली असते. ती पट्टी निम्म्यावर असेल तर हौद कितीही मोठा असो, तो निम्म्याच्या वर भरत नाही. बहुधा गल्ली लाइनच्या शेवटी असते, नाहीतर वरच्या घरांनी नळाला थेट मोटर लावलेली असते आणि खालच्यांना उरलंसुरलं मिळतं. ड्रेनेजचं चेंबर हौदाला चिकटून असेल तर ते घर सोडाच. दोन्हीकडच्या भिंतींना तडे गेले की नळाच्या पाण्याला वास येतो आणि खोदल्याशिवाय कारण सापडत नाही. झाकण घट्ट बसतं का तेही बघा. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंगूचा डास वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे दोन पाळ्यांमधलं अंतर त्याला अगदी सोयीचं.

सिडको आणि गारखेडा

सिडकोची आखणी आधी झाली, वस्ती नंतर आली. एन-१ ते एन-१३ सगळीकडे रस्ता, ड्रेनेज आणि मोकळी जागा कागदावर ठरलेली होती. रिक्षावाल्याला ‘एन-सात’ एवढं सांगितलं तरी तो निघतो. पण सिडको म्हणजे एकच गोष्ट नाही. एन-१ बंगल्यांचं, एन-५ला कॅनॉट प्लेसचा बाजार आणि त्याचा गोंगाट, एन-२ मुकुंदवाडीकडचं, आणि एन-९, एन-११, हडकोकडे छोट्या प्लॉटवरची रो हाउसेस.

गोची या रो हाउसेसमध्ये आहे. मूळ घर एकमजली होतं, ड्रेनेजचा पाइप त्याच हिशेबाने टाकलेला. पुढे मालकाने वर दोन मजले चढवले, तीन भाडेकरू ठेवले, पाइप तोच राहिला. पावसाळ्यात तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं ते यामुळे. तळमजला घेत असाल तर शेजारणीला विचारा, मालकाला नको. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्याने हवा फक्त पुढून-मागून येते. मागच्या अंगणावर पत्रा टाकून स्वयंपाकघर केलेलं असेल तर मेमध्ये तिथे उभं राहवत नाही. आणि पाणी? जाळं पूर्ण आहे, पण नक्षत्रवाडीपासून लांब, त्यामुळे सिडको-हडकोची कमी दाबाची तक्रार जुनीच आहे.

गारखेडा उलट्या वाटेने वाढला. गजानन महाराज मंदिर, पुंडलिकनगर, त्रिमूर्ती चौक, जवाहर कॉलनी, उल्कानगरी हा सगळा पट्टा खासगी लेआउट आणि गुंठेवारी (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट) यांची खिचडी आहे. एका गल्लीत महापालिकेची लाइन, रुंद रस्ता आणि घंटागाडी असते. पलीकडची गल्ली गुंठेवारीतली, आणि तिथे चारचाकी वळत नाही. त्यामुळे ‘गारखेड्यात पाणी कसं आहे’ या प्रश्नाला उत्तरच नाही. गल्लीचं नाव घेऊन विचारा. भाजी, किराणा, दवाखाने, क्लासेस सगळं पायी अंतरावर, विभागीय क्रीडा संकुल जवळ, क्रांती चौक लांब नाही. गाडी लावायला जागा मात्र नाही. घरात शाळकरी मुलं आणि एकच दुचाकी असेल तर गारखेडा सोयीचा. घरात म्हातारं माणूस असेल आणि संध्याकाळी चालायला बाग हवी असेल तर सिडको, पण तळमजल्याचं ड्रेनेज पाहूनच.

सातारा-देवळाई: स्वस्त घराचा महाग हिशेब

रेल्वेरुळांच्या आणि बीड बायपासच्या दक्षिणेला नवी अपार्टमेंट, मोठ्या खोल्या, लिफ्ट, पार्किंग असं सगळं दिसतं, आणि भाडं शहरापेक्षा कमी. जाहिरातीत ‘२४ तास पाणी’ असतं. ते पाणी कुठलं, हे विचारायचं. हा भाग महापालिकेत नंतर आला आणि नळाचं जाळं त्याच्याही मागून, त्यामुळे इथला आधार बोअर आणि टँकर.

बोअरचं इथे काही खरं नसतं, कारण खाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी फक्त भेगांमध्ये आणि मुरमाच्या थरात साठतं. एका प्लॉटला दीडशे फुटांवर लागतं, शेजारच्याला तीनशेवरही धूळच. दिवाळीत धो धो चालणारा बोअर मार्चमध्ये अर्धा तास चालून हवा ओढायला लागतो. म्हणून इथलं घर शक्यतो एप्रिल-मेमध्ये बघा. पावसाळ्यात पाहिलेल्या घराच्या पाण्याबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नसतं.

आता टँकर. समजा इमारतीत १२ फ्लॅट आहेत, प्रत्येकाला रोज ४०० लिटर लागतात. म्हणजे ४,८०० लिटर, जवळजवळ ५,००० लिटरचा एक टँकर रोज. टँकरला समजा ८०० रुपये पडले, तर महिन्याचे २४,००० आणि फ्लॅटमागे २,०००. हा आकडा ‘मेंटेनन्स’मध्ये धरलाय की उन्हाळ्यात वेगळा मागणार, हे आधी ठरवा. त्यात पिण्याच्या २० लिटरच्या जारचा खर्च मिळवा. शिवाय बोअरचं पाणी जड असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर आणि बाथरूमच्या टाइल्सवर राखाडी डाग दिसले की गीझरची कॉइल आणि आरओचं मेंब्रेन लवकर जाणार. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर खिशात मावतो. पिण्यासाठी भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर धरतं, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतं.

जाण्यायेण्याचाही खर्च आहे. शहरात यायला संग्रामनगरचा उड्डाणपूल किंवा शिवाजीनगरचा रस्ता, आणि बायपासवर जड वाहनं. मूल सायकलने शाळेत जाणार असेल तर बायपास ओलांडावा लागणार नाही अशीच शाळा किंवा असंच घर बघा. दोन-तीन हजार वाचतात म्हणून ही तडजोड करू नये.

तेवढ्याच भाड्यात पैठण रोडला कांचनवाडी-नक्षत्रवाडी मिळते. विधी विद्यापीठ आणि वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था इथलीच. वाळूजला जाणाऱ्यांना महानुभाव आश्रम चौकातून लिंक रोडने गोलवाडीकडे निघता येतं, जालना रोडची गर्दी टळते. जलवाहिनी दारावरून जाते म्हणून घरात पाणी येतं असं मात्र समजू नका. मोठ्या वाहिनीवरून घराला जोडणी मिळत नाही. त्यासाठी त्या भागाचा जलकुंभ आणि वितरणाची लाइन लागते.

वाळूज की चिकलठाणा?

इथे निवड करायची नसते, नोकरी ती करून ठेवते. वाळूज एमआयडीसी शहराच्या पश्चिमेला, शेंद्रा पूर्वेला, मध्ये तीसेक किलोमीटर. क्रांती चौकाच्या ज्या अंगाला कंपनी, त्याच अंगाला घर. शेंद्र्याला असाल तर चिकलठाणा, मुकुंदवाडी, रामनगर, एन-२ पाहा. रोज २४ किलोमीटर जास्त गाडी चालली तर २५ दिवसांचे ६०० किलोमीटर होतात. लिटरला ४५ चा अॅव्हरेज धरला तर तेरा लिटर पेट्रोल. भाड्यातली बचत तिथेच संपते.

वाळूजकडे बजाजनगरला एमआयडीसीचं पाणी आहे आणि ते शहराच्या नळापेक्षा नियमित असतं. एकट्या कामगाराला किंवा नव्या जोडप्याला हा भाग उत्तम: खोल्या भरपूर, खानावळी, शिफ्टच्या वेळेला जाग. रांजणगाव, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी स्वस्त, पण तिथे ग्रामपंचायत. पाणी आणि नाली दोन्ही गल्लीगणिक बदलतात. चाळीतल्या खोल्यांत संडास किती जणांत सामाईक आहे ते मोजून घ्या. कंपनीची बस कोणत्या चौकातून जाते ते एचआरला नाही, ड्रायव्हरला विचारा. मुलं आठवी-नववीच्या पुढे गेली की इथली कुटुंबं शहराकडे सरकतात, कारण क्लास आणि मोठे दवाखाने तिकडे.

विद्यार्थ्यांचं सोपं आहे. विद्यापीठात शिकणाऱ्याने बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, देवगिरी कॉलेजच्या किंवा क्लासवाल्याने उस्मानपुरा, स. भु. (सरस्वती भुवन) कॉलेजवाल्याने औरंगपुरा, समर्थनगर. हर्सूल-मयूर पार्क आणि पडेगाव-मिटमिटा स्वस्त आहेत, स्वतःची गाडी असेल तरच. स्मार्ट बस आहे, पण रात्री उशिराची शिफ्ट तिच्यावर टाकू नका.

ऊन

भाग कुठलाही असो, वरचा मजला घेताना रात्री नऊला जा आणि स्लॅबखालच्या भिंतीला हात लावा. तेव्हाही ती गरम असेल तर झोप पहाटेपर्यंत नाही. पश्चिमेची भिंत उघडी असलेली बेडरूम टाळा. गच्चीला पांढरा रंग मारून द्यायला मालक तयार होतो का बघा; खर्च थोडा, फरक बराच. इथली हवा कोरडी, त्यामुळे कूलर चांगला चालतो, पण त्याला खिडकी लागते आणि समोरून हवा बाहेर जायला दुसरी वाट. एकाच खिडकीच्या खोलीत कूलर लावला की तासाभरात अंग चिकट होतं.

करार करताना

स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे झालं, ही समजूत चुकीची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ११ महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे मालकाला शांतपणे सांगितलं की तो नोंदणीला तयार होतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. १०,००० भाडं आणि ३०,००० डिपॉझिट असेल तर शुल्क तीनशेच्या आसपास बसतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. एजंटाची फी वेगळी.

छापील मसुद्यात टँकरचा शब्द नसतो, तो घालून घ्या: नळाला ठरल्यापेक्षा जास्त दिवस पाणी आलं नाही तर टँकर कुणाच्या खर्चाने. बोअरच्या आणि हौदाच्या मोटरचं वीजबिल कोणत्या मीटरवर येतं तेही लिहा. बऱ्याच घरांत ते गुपचूप तळमजल्याच्या भाडेकरूच्या मीटरला जोडलेलं असतं. ओळखायला घरातलं मेन स्विच बंद करा आणि मालकाला मोटर सुरू करायला सांगा. ती चाललीच नाही, तर ती तुमच्याच मीटरवर आहे. चालली, तर आता तुमच्या मीटरकडे बघा. युनिट फिरत असतील तरी तेच. दोन्ही वेळा जोडणी बदलून झाल्यावरच चावी घ्या, आणि त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो मालकाला पाठवून ठेवा.