जुन्या विलीज जीपची फडफड: डॅम्पर की किंगपिनच्या शिम?

खड्डा लागला की पुढची चाकं फडफडतात आणि वेग पार कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. यावर स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके दाबणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) तासाभरात बसतो, फडफड दबतेही. पण झीज आत चालूच राहते.

किंगपिन म्हणजे ज्या उभ्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती; शिम म्हणजे तिच्या कॅपखालच्या पातळ चकत्या. शिमचं काम दिवस खातं, तरी आधी तेच. चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर चाकाचं बेरिंग ढिलं, राहिला तर किंगपिन. आडवं धरून हलतंय? टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्याचे) एंड बघा.

टाय रॉड आणि नकलचं (किंगपिनवर चाकासोबत वळणाऱ्या सांध्याचं) ऑइल सील सोडवून नकलच्या आर्मच्या भोकात, जिथे टाय रॉड बसतो तिथे, स्प्रिंगकाटा अडकवा, ओढा. नकल साधारण 5.5 ते 7 किलोला फिरायला हवं. त्याआधीच फिरलं तर कॅपखालची पातळ शिम काढा. वर-खाली जाडी शक्यतो सारखी ठेवा. किंगपिनच्या बेरिंगच्या कपात रोलरचे खळगे दिसले तर मात्र शिमशी खेळत बसू नका, बेरिंगच बदला.

डॅम्पर लावायचाच तर यानंतर. (टायरची हवा आणि बॅलन्सिंग सगळ्यात आधी, फुकटात सुटतं कधीकधी.)