नाचायला क्लब की रात्रीचा बार : ठाणे-बेलापूरचे दोन शनिवार

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो आणि माझी नणंद वाशीला. दोन्ही जोडपी चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असून, वर्षातून तीन-चार वेळा पोटभर नाचून यावे एवढीच आमची हौस आहे. त्यामुळे जागा निवडताना कॉकटेलची यादी किंवा भिंतीवरचे निऑन दिवे आमच्या लेखी दुय्यम ठरतात. आत शिरल्यापासून बंद होताना दिवे लागेपर्यंत प्रत्यक्ष किती मिनिटे नाचता येते, हाच एक निकष आम्ही धरतो. गेल्या दोन शनिवारी आम्ही याच निकषावर दोन जागा पारखल्या. एक घोडबंदर रस्त्यावरील व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरचा नाइटक्लब आणि दुसरा सीबीडी बेलापूरमधील, रात्री उशिरापर्यंत चालणारा डीजे असलेला बार.

वेळेचे गणित आधी मांडते, कारण सगळा निवाडा त्यावरच ठरतो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूमची वेळ रात्री दीड वाजेपर्यंत असते. पहाटे पाचपर्यंतची सवलत मिळते ती नाताळ आणि ३१ डिसेंबरसारख्या मोजक्या रात्रींपुरतीच. क्लब असो वा बार, परवाना दारूचा असल्यामुळे ही मर्यादा दोघांनाही लागू आहे. एकच्या सुमारास शेवटची ऑर्डर घेतली जाते आणि सव्वाला संगीत उतरू लागते. परदेशातून आलेले नातेवाईक ‘रात्री बाराला निघू’ म्हणतात तेव्हा त्यांना हे समजावून सांगावे लागते की, बाराला निघालेला माणूस इथे फक्त बिल भरायला पोहोचतो.

घोडबंदरच्या क्लबपाशी आम्ही सव्वादहाला पोहोचलो. यादीत नाव असूनही रांग, ओळखपत्राची तपासणी, मनगटावरचा शिक्का आणि लिफ्ट यांत चाळीस मिनिटे गेली. ओळखपत्राबद्दल तक्रार नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, तेव्हा तपासणी व्हायलाच हवी. तक्रार आहे ती रांगेत आम्हाला ताटकळत ठेवून आतला डान्स फ्लोअर रिकामा ठेवण्याची. नणंदेने विचारले, “वहिनी, आपण नाचायला आलोय की रेशनच्या रांगेत?” आत गेल्यावर कळले की साडेअकरापर्यंत फ्लोअरवर कुणीही उतरत नाही, कारण मुख्य डीजे साडेअकराला येतो आणि तोपर्यंत वाजणारे हाउस संगीत हे टेबलावरची ऑर्डर वाढवण्यापुरतेच असते. गर्दी जमली ती पावणेबाराला, आणि एकदा जमल्यावर खांद्याला खांदा घासल्याशिवाय हात वर करता येईना.

त्या दीड तासात जे मिळाले ते मात्र उत्तम होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. फ्लोअर लाकडी होता, त्यामुळे गुडघ्यांना त्रास झाला नाही. ध्वनियंत्रणा अशी की खालचा ठेका छातीत जाणवावा, पण गायकाचे शब्दही स्पष्ट ऐकू यावेत. आणि डीजेने हिंदी गाण्यांतून टेक्नोत व पुन्हा ढोलाच्या तालात येताना एकदाही पाय अडखळू दिला नाही. नवऱ्याच्या मोबाइलमधील मापकाने फ्लोअरवर १०० डेसिबलच्या वर आवाज दाखवला. मोबाइलचे माप काटेकोर नसते हे खरे, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सुचवलेली सरासरी कमाल पातळी १०० डेसिबल आहे, तेव्हा क्लबला जाणाऱ्याने खिशात इअरप्लग ठेवावेत. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळेही चालतात आणि त्यांनी ठेका हरवत नाही.

पैशांचा भाग कडू होता. प्रत्येक जोडप्याला ३,००० रुपये कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरण्याचे पैसे, त्यांतले २,००० आत वापरता येतील असे फोनवर सांगितले गेले. ते ठरावीक मद्यांवरच आणि तेही रात्री बाराच्या आत, हे टेबलावर बसल्यावर कळले. माझा नवरा त्या रात्री दारू घेत नव्हता, तेव्हा त्याच्या वाट्याचे पैसे बुडाल्यातच जमा. बिलात दहा टक्के सेवाशुल्कही लावलेले होते. असे शुल्क आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली, एवढे शांतपणे सांगितल्यावर व्यवस्थापकाने ते वगळले. न मागता वगळले असते तर अधिक बरे वाटले असते. चौघांचे मिळून ९,४०० रुपये झाले आणि नाचाची मिनिटे भरली ७०.

पुढच्या शनिवारी बेलापूरला गेलो. कव्हर चार्ज नाही, रांग नाही, दारावरच्या माणसाने “या मॅडम, आत गर्दी नाहीये” असे म्हणून दार उघडले. जागा बेताची, टेबले भिंतीला सरकवून मधे साधारण बारा फूट लांब-रुंद मोकळी फरशी केलेली. फरशी गुळगुळीत आणि कुणाचा ग्लास हिंदकळला की निसरडी, म्हणून पातळ तळव्यांचे बूट घालून जाऊ नये. डीजे मुलगा कौशल्यात क्लबच्या डीजेच्या पासंगालाही पुरणार नाही, पण त्याने दहा वाजताच आवाज वाढवला आणि समोरची माणसे पाहून गाणी लावली. साडेदहाला शेजारच्या टेबलावरच्या एका काकांनी कोळीगीताची फर्माईश केली, आणि तीन अनोळखी टेबलांची मिळून एक रांग झाली. क्लबमध्ये हे होत नाही. तिथे प्रत्येक गट आपापले वर्तुळ करून, पाठ बाहेर आणि तोंड आत ठेवून नाचतो. मधली विश्रांती वजा करून आम्ही दोन तास दहा मिनिटे नाचलो, खर्च ५,२०० रुपये.

उणिवाही नोंदवते. स्त्रियांचे स्वच्छतागृह एकच होते आणि रात्री बारानंतर त्याच्या साफसफाईला कुणी फिरकले नाही. जेवण क्लबपेक्षा सरस, विशेषतः सुरमई तवा फ्राय, पण मागवल्यापासून पाऊण तासाने आले. मला सगळ्यात खटकले ते मागच्या दाराजवळ रचलेले बाटल्यांचे खोके. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस लोअर परळच्या कमला मिल्स आवारातील आगीत १४ जणांचा जीव गेला, तेव्हापासून कुठेही गेले की पहिल्यांदा मी बाहेर पडण्याची दुसरी वाट पाहून ठेवते. आमच्या सांगण्यावरून वेटरने खोके हलवले. क्लबमध्ये मात्र दोन्ही जिने मोकळे आणि दिव्यांनी दाखवलेले होते.

इथे एक-दोन गोष्टी सांगून ठेवते. ‘ऑर्केस्ट्रा’ अशी पाटी असलेला बार ही पूर्णपणे वेगळी जात आहे. तिथे गाणी ऐकायची असतात, ग्राहकांनी नाचायचे नसते, आणि कुटुंबासह जाण्याची ती जागा नव्हे. गच्चीवरचे बार छायाचित्रांत फार छान दिसतात, पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे नाच रंगायच्या वेळीच आवाज कुजबुजीवर येतो. आणि नुसत्या पुरुषांचा गट असेल तर आत सोडतात का, हे क्लबला फोन करून विचारूनच निघावे. माझ्या भाच्याला दोन मित्रांसह दारातूनच परतावे लागले होते.

परतीच्या वाटेचा विचार बहुतेक जण सगळ्यात शेवटी करतात. दीडला बाहेर पडल्यावर लोकल मिळत नाही. रिक्षाला मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जादा भाडे रीतसर लागते, ते देण्यास हरकत नाही. पण क्लबच्या रात्री नवऱ्याने गाडी नणंदेच्या घरी ठेवली होती, आणि घोडबंदर रस्त्यावर त्या वेळी मीटर टाकायला तयार होणारा रिक्षावाला आम्हाला तिसऱ्या प्रयत्नात मिळाला. बेलापूरहून वाशी जवळ, म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही नणंदेकडेच मुक्काम केला.

तेव्हा डीजेसाठी जायचे असेल, म्हणजे एखादा नावाजलेला कलाकार येणार असेल, तर क्लबला साडेनऊला पोहोचून रांग टाळावी, कव्हर चार्जच्या अटी संदेशावर लिहून मागवाव्यात आणि ७० मिनिटांवर समाधान मानावे. नुसते नाचायचे असेल तर माझे मत बारच्याच बाजूने आहे. येत्या महिन्यात नणंदेचा वाढदिवस आहे. बेलापूरच्या त्या डीजे मुलाला आम्ही आधीच फोन करून मधली दोन टेबले हलवून ठेवायला सांगितले आहे.