बँडच्या मागे गावोगाव की एकच मोठा फेस्ट? नागपूरवाल्याचा हिशोब

आवडत्या मेटल बँडनं टूर जाहीर केली, पोस्टरवर पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगलोर, आणि नागपूर नेहमीप्रमाणे नाहीच. असतं तर हे लिहायची गरजच नव्हती म्हणा. आता खिशात आहेत तेवढ्या पैशात दोनपैकी एकच जमतं. एक तर त्या बँडच्या मागे फिरून क्लबमधले दोन-तीन छोटे शो करायचे, नाहीतर सगळं बजेट एकाच मोठ्या फेस्टवर लावायचं, जिथे आपला बँड दुपारी कधीतरी चाळीस मिनिटं वाजवणार आणि सोबत आणखी आठ-दहा बँड ऐकायला मिळणार. मी दोन्ही प्रकार केलेत आणि ग्रुपवर दर सीझनला हेच विचारून राहिले सगळे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी पैसे, कारण गाडी तिथेच अडते. आपल्याकडच्या बँडच्या क्लब शोचं तिकीट बहुतेक वेळा प्रवासापेक्षा स्वस्त पडतं, फेस्टचं महाग असतं, पण फेस्टला जाणं-येणं एकदाच. झिरो माइलचा खांब आपल्याकडे, देशाच्या मधोमध म्हणून आपण मिरवतो, पण मधोमध म्हणजे गिगवाली (जिथे लाइव्ह शो होतात ती) सगळी शहरं सारखीच लांब. म्हणून "टूर फॉलो करतो" असं म्हणण्याआधी कोणतं शहर कोणत्या शहराला जोडता येतं ते बघा, खरा फरक तिथे पडतो.

हैदराबाद सगळ्यात सोपं, आणि आपली पोरं काऊन विसरतात कोण जाणे. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे, पहाटे पाचला निघते आणि सव्वासात तासांत पोचवते (मंगळवारी नसते). दुपारी उतरा, बिर्याणी खा, दोन तास झोपा, संध्याकाळी गिग. परत येताना तीच गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी एकला सुटते, रात्री जेवायला घरी. एका सुट्टीत बसणारं हे एकच शहर आहे. शिवाय गॉडलेससारखा तगडा डेथ मेटल बँड तिथल्याच सीनमधून आलेला, त्यामुळे क्राउड अगदीच नवखा नसतो.

मुंबईचं गणित दुरांतोवर. रात्री पावणेनऊच्या आत नागपूरहून निघते, सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटी, म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचली. परतीची दुरांतो मध्यरात्री सव्वाबाराला. शो लोअर परळच्या मिल कंपाउंडमध्ये असेल (अँटीसोशल हा गिगवाला क्लब तिथेच आहे) तर वेस्टर्न लाइनच्या भानगडीत पडू नका, चालत करी रोड गाठा, तिथून सीएसएमटीची स्लो लोकल पंधरा-वीस मिनिटांत सोडते. पण एक सांगतो, सव्वाबाराची गाडी म्हणजे तारीख बदललेली असते, शनिवारचा शो करून पकडायची गाडी तिकिटावर रविवारची असते, बुक करताना ह्यात लोक हमखास फसतात. आणि शो क्लबमध्ये बंद दाराआड असेल तर तो किती वाजता संपेल ह्याचा भरवसा नाही. उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री दहाचा नियम आहे, फेस्ट वेळेत संपतात त्याचं कारण तेच, शिस्त वगैरे नाही.

पुणे दिसतं जवळ, पण एकट्या पुण्यासाठी जाणं मला तरी पटत नाही. अजनी-पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली खरी, पण ती बारा तास घेते, सकाळी निघून रात्री पोचते, म्हणजे गिगच्या दिवशी निघालात तर गिग गेला. मग रात्रीची ट्रॅव्हल्स, समृद्धीवरून संभाजीनगरपर्यंत मस्त जाते आणि पुढे पाठीचे हाल. पण शुक्रवारी पुणे आणि शनिवारी मुंबई असं असेल तर मात्र डोळे झाकून घ्या, सकाळी शिवनेरी किंवा डेक्कन क्वीन, दुपारच्या आत दादरला. ही जोडी म्हणजे नागपूरवाल्यासाठी टूर फॉलो करण्याचा सगळ्यात स्वस्त रस्ता, एका प्रवासखर्चात दोन शो.

बंगलोरला रेल्वेनं गेलात तर जवळपास एक दिवस गाडीतच जातो, म्हणून विमान, आणि विमान आलं की बजेट संपलं. त्यामुळे बंगलोरला जायचंच तर मी फेस्टसाठी जाईन. बंगलोर ओपन एअर २०१२ पासूनचा आहे, जर्मनीच्या वाकेन ह्या मोठ्या मेटल फेस्टशी त्याचं नातं आहे, आणि शहरालाच मेटलची सवय आहे, आयर्न मेडन २००७ ला पहिल्यांदा भारतात आले ते पॅलेस ग्राउंड्सवर, मेटॅलिका २०११ ला आले तेही तिथेच. क्रिप्टॉस हा बँड तिथलाच, १९९८ पासून वाजवून राहिलाय. हैदराबादचा शो करून रात्रीच्या बसनं बंगलोर गाठता येतं, वय पंचविशीच्या आत असेल तर करा.

आता ऐकायचं काय मिळतं ते.

फेस्टमध्ये साउंड सिस्टिम मोठी, स्टेज मोठा, आणि आपला बँड हेडलायनर (शेवटी वाजवणारा मुख्य बँड) नसेल तर त्याला नीट साउंडचेकसुद्धा (शोआधी आवाज जुळवून बघणं) मिळालेला नसतो, पहिली दोन गाणी मिक्स सावरण्यातच जातात, आणि चाळीस मिनिटांच्या सेटमध्ये दोन गाणी म्हणजे बरंच काही गेलं. क्लबमध्ये संध्याकाळी साउंडचेक होतो, पण छत बुटकं, भिंती कडक, ड्रमचा आवाज माइकशिवायच अख्ख्या खोलीत भरलेला, त्यावर गिटारचे अँप. अगदी पुढे उभं राहिलात तर समोरच्या स्पीकर कॅबिनेटमधली एकच गिटार ऐकू येते आणि व्होकल्स जवळपास नाहीतच, कारण व्होकल्स पीएमधून (क्राउडसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरमधून) येतात आणि पीएचं तोंड तुमच्या डोक्यावरून मागे असतं. एका क्लबात मी अर्धा सेट ग्रोल (घशातून काढलेला गुरगुरता आवाज) ऐकलाच नाही, फक्त तोंड उघडलेलं दिसून राहिलं होतं. म्हणून सगळ्यात चांगली जागा साउंडवाल्याच्या टेबलाच्या पुढ्यात, तो जे ऐकतो तेच तुम्ही ऐकता.

आणि म्हणूनच एकाच बँडचा दुसरा शो करण्यात दम आहे. पहिल्या दिवशी पुढे जाऊन बोंबलायचं, मॉश करायचं (गर्दीत एकमेकांवर आदळत नाचायचं), घाम गाळायचा, ते झालंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी मागे उभं राहून बघा, ब्लास्ट बीटला (मेटलमधला तो सुसाट ड्रमचा ठेका) ड्रमर मनगटानं वाजवतो की अख्ख्या हातानं, कोणता तुकडा लॅपटॉपवरून येऊन राहिलाय, बेसिस्ट कोणाकडे बघून बदल घेतो. फेस्टला हे फक्त स्क्रीनवर दिसतं आणि कॅमेरावाला नेमका त्याच वेळी क्राउड दाखवत असतो.

तिसऱ्या शोबद्दल मात्र मी जरा कडक आहे. बहुतेक बँड पूर्ण टूरभर तोच सेट त्याच क्रमानं वाजवतात, दोन गाण्यांमधले जोकसुद्धा तेच. मेटॅलिकानं २०२३ पासून एका शहरात दोन रात्री आणि एकही गाणं परत नाही असा प्रकार केला, पण त्यांच्याकडे चाळीस वर्षांची गाणी आहेत, दोन अल्बमवाल्या बँडनं कुठून आणायची? तेव्हा पहिला शो झाला की सेटलिस्ट डॉट एफएम ह्या साइटवर किंवा कुणाच्या तरी स्टोरीवर सेट बघा, शहरानुसार दोन-तीन गाणी बदलून राहिली असतील तर तिसरा करा. किंवा तिसऱ्या शहरातला ओपनिंग बँड (आपल्या बँडच्या आधी वाजवणारा) ऐकायचाय म्हणून करा, हे कारण जास्त पक्कं आहे, कारण मुंबईत आधी गटस्लिट किंवा झायग्नेमासारखं कोणी वाजवणार आणि बंगलोरला इनर सँक्टमसारखं, आणि ह्यातलं कोणी नागपूरला यायची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल.

माणसं. क्लबमध्ये दीडशे लोक असतात, मर्चच्या (बँडचे टी-शर्ट वगैरे विकायच्या) टेबलामागे बऱ्याचदा गिटारिस्ट स्वतःच उभा असतो, टी-शर्ट घेता घेता बोलणं होतं, दुसऱ्या शहरात तोच चेहरा दिसला की तो स्वतःहून विचारतो, इथेपण का? नागपूरहून आलो म्हटलं की तर बघायलाच नको. (टी-शर्ट पहिल्याच शहरात घ्या, एल आणि एक्सएल आधी संपतात.) हे सगळे बँड कायम असे हाताशी राहत नाहीत, दिल्लीचा ब्लडीवूड २०१९ ला वाकेनला वाजवून आले आणि त्यानंतर त्यांची गोष्टच बदलली. फेस्टचा फायदा उलटा, तिथे न ऐकलेला एखादा बँड डोक्यात घुसतो. नवीन ऐकायची भूक असेल, किंवा सोबतच्या चौघांपैकी दोघांनाच तो बँड आवडत असेल, तर फेस्टच करा, क्लबात उरलेल्या दोघांचे चेहरे बघवत नाहीत.

कानाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. आवाज ८५ डेसिबल असेल तर आठ तास चालतं असं धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. क्लबातला मेटल शो १०० च्या वर सहज जातो. फेस्टला निदान लांब जाऊन बसता येतं, क्लबात पळायला जागाच नाही, आणि लागोपाठ दोन रात्री करणार असाल तर कानात घालायचे फोमचे प्लग चालतात पण सगळं गढूळ ऐकू येतं, त्यापेक्षा म्युझिकवाले फिल्टर प्लग एकदाच घ्या.

कॅन्सल व्हायची भीती छोट्या शोला जास्त, हे खरंय. तिकिटाचे पैसे परत येतात, गाडीचे आणि रूमचे तुमचे तुम्ही बघा. पण मोठं म्हणजे पक्कं असंही नाही, २०११ ला मेटॅलिकाचा गुडगावचा शो ऐन वेळी रद्द झाला होता, लोक मैदानात पोचलेले असताना. दोन शोची जोडी असली तर एक गेला तरी प्रवास अगदीच पाण्यात जात नाही.

वय २१ च्या खाली असेल तर प्रश्नच मिटला, बऱ्याच क्लबात दारातूनच परत पाठवतात, तिकीट दाखवून वाद घालून उपयोग नाही. फेस्टला अनेकदा लहानांना सोडतात, पण तेही तिकिटाच्या पानावर आधी वाचा. एकट्या जाणाऱ्या मुलींनी रूम क्लबच्या चालत्या अंतरावर घ्यावी, माझ्या मैत्रिणी तेच करतात, पाचशे जास्त गेले तरी चालतील म्हणतात.

मला विचाराल तर पुणे-मुंबई जोडून येत असेल तर तेच, नसेल तर एकटं हैदराबाद, आणि बंगलोरचा फेस्ट दोन वर्षांतून एकदा. आणि टूर निघतात नेमक्या दिवाळी ते फेब्रुवारीत, तेव्हाच नागपूरच्या गाड्या फुल. रिझर्व्हेशन आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, टूरची घोषणा बहुतेक त्यानंतर होते, म्हणजे पोस्टर दिसेपर्यंत दुरांतोला वेटिंग लागलेलं असतं. पोस्टर आलं की गिगच्या तिकिटाआधी परतीची गाडी बघा, एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला.