दसरा-दिवाळीच्या मधे बदललेला शॉवर: हिवाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात आम्ही बाथरूममधला जुना शॉवर आणि दोन्ही नळ काढून थ्री-इन-वन वॉल मिक्सर (गरम-गार पाणी मिसळून नळ, वरचा शॉवर किंवा हँड शॉवर यांपैकी हवं तिथून सोडणारा), त्याच्यावर चार इंची ओव्हरहेड शॉवर आणि उभ्या दांडीवर वरखाली सरकणारा हँड शॉवर बसवला. एकही टाइल फोडली नाही. सकाळी काम सुरू झालं आणि संध्याकाळी त्याच बाथरूममध्ये आंघोळी झाल्या. आता हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही उलटलेत, म्हणून खात्रीने सांगते: पुण्यातल्या जुन्या सोसायटीत, गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यावर, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर हाच प्रकार घ्या. शोरूममधल्या त्या मोठ्या रेन शॉवरच्या मोहात पडू नका.

कारण पाण्याच्या दाबाचं आहे. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून शॉवरपर्यंत जेवढी उंची, तेवढाच दाब. दहा मीटरला साधारण एक बार (हे दाबाचं एकक), म्हणजे मीटरमागे ०.१ बार. टाकी डोक्यावरच आहे म्हटल्यावर पाणी जोरात येणार असं वाटतं, पण होतं उलटं. आमच्याकडे ही उंची जेमतेम चार मीटर भरते, म्हणजे ०.४ बार. त्यातलाही काही पाइपांत आणि कोपऱ्यांवरच्या एल्बोंमध्ये जातो. आठ इंची रेन शॉवर नीट चालायला बहुतेकदा एक बारच्या आसपास दाब लागतो. तो नसेल तर मधल्या भोकांतून धारा नुसत्या लोंबतात आणि कडेची भोकं कोरडीच राहतात. शोरूममध्ये तोच शॉवर पंपावर चालवून दाखवतात, तेव्हा तिथली धार बघून घरचा अंदाज करू नये. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर मोठा शॉवर छान चालतो, कारण त्यांच्या डोक्यावर पाण्याचे चार मजले जास्त आहेत.

प्रेशर पंपाचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. माझं मत तेव्हाही विरोधात होतं, आजही आहे. भिंतीतले पाइप नवे असतील तर जरूर बसवा. पण आमचे पाइप इमारत बांधली तेव्हाचे, जीआयचे म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. आतून गंजून अर्धे बुजलेल्या पाइपांवर जादा दाब चढवायचा आणि मग खालच्या घरात ओल उतरली की भांडत बसायचं, हे मला नको होतं.

आता तयारीबद्दल सविस्तर, कारण काम एका दिवसात झालं ते आधीच्या तयारीमुळेच.

नवरात्रातच प्लंबरदादांना बोलावून दोन गोष्टी तपासून घेतल्या. पहिली, गच्चीवरचा आमच्या घराचा व्हॉल्व. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला गेट व्हॉल्व एक तर फिरतच नाही, नाहीतर फिरतो पण पाणी पूर्ण थांबवत नाही. आमचा फिरला, पण धार चालूच राहिली. सेक्रेटरींना सांगून, सोसायटीचं पाणी तासभर बंद ठेवून तिथे बॉल व्हॉल्व टाकला. हेच ऐन कामाच्या दिवशी कळलं असतं तर तो दिवस गच्चीवरच गेला असता. दुसरी, भिंतीतली एक जुनी निपल, म्हणजे भिंतीतल्या पाइपाला नळ जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा, खोलून बघितली. जीआयच्या आट्या गंजून धरल्या असतील तर निपल आतच तुटते, आणि मग टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. दादांनी गंज सोडवणारं तेल मारून ती रात्रभर तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू फिरवून काढली. आतल्या आट्या शाबूत होत्या. हे बघितल्यावरच मी दुकानात गेले. सामान आधी घरात आणून नंतर भिंत तपासणं म्हणजे पैसे अडकवणं.

ज्यांच्याकडे सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे पाइप आहेत त्यांना गंजाची भीती नाही. तिथे जपायचं ते वेगळंच. पितळी आट्या बसवलेला एल्बो प्लॅस्टिकचाच असतो. पान्याने वाजवीपेक्षा जास्त आवळला तर तो भिंतीच्या आत तडकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. टेफ्लॉन टेप नीट गुंडाळून, हाताला घट्ट लागल्यावर पान्याचा थोडासाच फेरा पुरे.

भिंतीच्या आत बसणारा डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे वळवायचं ते ठरवणारा भाग) दिसायला देखणा असतो, पण तो म्हणजे फोडाफोडी, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स. बाहेरून बसणाऱ्या वॉल मिक्सरला यातलं काही लागत नाही. गरम आणि गार या दोन तोंडांमधलं अंतर आपल्याकडे साधारण १५० मिलिमीटर असतं, आणि मिक्सरचे पाय थोडे तिरपे फिरवून थोडाफार फरक जुळवता येतो. सगळे जोड आट्यांचे, प्लॅस्टिकचे पाइप चिकटवायचं सोल्युशन सुकायची वाट बघायची नाही, म्हणून त्याच संध्याकाळी पाणी सोडता आलं.

ऑक्टोबरच का, तर त्याचं एक कारण भिंत. पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल दिसली तर ती बाहेरच्या पावसाची की आतल्या पाइपाची, हे सांगणं अवघड. दसऱ्यानंतरच्या कडक उन्हात बाहेरची ओल हटते. तरीही डाग तसाच राहिला तर पाइप तपासावा. आमचा डाग आधी पूर्ण वाळला होता आणि काम झाल्यावर परत आला नाही, त्यामुळे जोड पक्के आहेत हे महिन्याभरात कळलं. फक्त एक लक्षात ठेवा. दिवाळीच्या तोंडावर प्रत्येक घरात रंगकाम आणि दुरुस्त्या निघतात, वसुबारसेच्या आठवड्यात प्लंबर मिळणं कठीण. तारीख नवरात्रातच ठरवून टाका.

खरी परीक्षा नरक चतुर्दशीला झाली. पहाटे ओळीने सगळ्यांचं अभ्यंगस्नान, अंगाला तेल, वर उटणं. इथे हँड शॉवरची किंमत कळली. पाठ, मान, मुलांचे केस, कोपऱ्यात साचलेलं उटणं, सगळं हातातल्या धारेने निघालं. उटण्याचा चोथा मात्र नहाणी ट्रॅपमध्ये अडकतो, जाळी काढून लगेच धुवा. आणि तेलकट फरशीवर जुनं पोतेरं तरी अंथराच.

गिझर आमचा जुनाच, १५ लिटरचा. हिवाळ्यात त्यातलं पाणी ६० अंशांवर आणि टाकीतलं २० अंशांवर धरलं, तर आंघोळीला लागणारं ४० अंशांचं पाणी साधारण ३० लिटर होतं. मिनिटाला ६ लिटर देणाऱ्या शॉवरखाली ते पाच मिनिटं पुरतं, १२ लिटर देणाऱ्याखाली अडीच. पुढच्या माणसासाठी दोन किलोवॅटचा गिझर पुन्हा तापायला वीसेक मिनिटं लागतात. मोठा शॉवर न घेण्याचं हे दुसरं कारण, आणि डिसेंबरच्या सकाळी शाळा-ऑफिसच्या घाईत ते पहिल्याइतकंच मोठं. तुमच्या शॉवरची धार मोजायची तर बादली खाली ठेवा आणि एका मिनिटात किती भरते ते बघा, एवढंच.

आईसाठी मात्र हा सगळा खटाटोप होता, आणि तिच्या बाबतीत मी सर्वांत समाधानी आहे. तिचे गुडघे दुखतात. बादलीतून वाकून तांब्याने पाणी घेणं तिला जड जायचं, पण कोणी आंघोळ घालावी हेही तिला आवडत नाही. आता ती स्टुलावर बसते, हँड शॉवर दांडीवर खाली ओढून घेते आणि स्वतःच्या हाताने निवांत आंघोळ करते. त्याच दिवशी शेजारी स्टीलचा धरायचा दांडा बसवून घेतला. त्यासाठी भोकं पाडताना मिक्सरच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावू देऊ नका, पाइप बहुधा त्याच रेषेत असतात. घरात वयस्कर माणूस असेल तर ओव्हरहेड शॉवर नसला तरी चालेल, हँड शॉवर आणि हा दांडा हवाच.

डायव्हर्टरबद्दल दुकानदार सहसा सांगत नाहीत ते सांगते. बटण वर ओढायचा प्रकार पाण्याच्या दाबावरच वर टिकतो. दाब कमी असला की ते आपोआप खाली पडतं आणि पाणी पुन्हा नळातून वाहतं. आम्ही फिरवायच्या नॉबचा घेतला, तो लावला तिथे राहतो.

एप्रिलनंतर महापालिकेचं पाणी कमी झालं आणि सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी सुरू झालं. खडकवासल्याचं पाणी मऊ, बोअरचं जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. आमच्या बोअरचं पाणी तपासलेलं नाही, पण मे महिन्यात शॉवरच्या भोकांवर पांढरा थर चढला आणि धारा वाकड्या पडायला लागल्या. भोकं रबरी आहेत, त्यामुळे अंगठ्याने चोळल्यावर बहुतेक थर निघाला. उरलेल्यासाठी पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास. रात्रभर ठेवू नका, चकचकीत मुलामा खराब होतो. होजच्या तोंडाशी जाळीचा वायसर असतो, त्यात टाकीतली वाळू अडकते, तोही अधूनमधून काढून धुवा. आणि हँड शॉवर पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवू नका. टाकी रिकामी झाली तर बादलीतलं घाण पाणी उलटं पाइपात ओढलं जाऊ शकतं.

तक्रारी दोन. दांडीवर सरकणारा प्लॅस्टिकचा होल्डर ढिला झालाय, वर लावलेला हँड शॉवर हळूहळू खाली घसरतो. पितळी मिक्सरला चांगले पैसे घेणाऱ्या कंपनीने या एवढ्याशा भागात काटकसर करायला नको होती. दुसरं, मिक्सर आणि होजच्या जोडातून मार्चमध्ये थेंब गळायला लागले. आतला रबरी वायसर बदलल्यावर थांबले, पाच मिनिटांचं काम. मिक्सरचे नॉब मात्र अजून पहिल्या दिवसाइतकेच हलके फिरतात, कारण आत सिरॅमिक डिस्क आहे. जुन्या नळासारखा दर वर्षी वायसर झिजायचा प्रश्न नाही.

धातूचा होल्डर वेगळा मिळतो असं दादा म्हणालेत. तो आणून बसवायचा आहे, आणि या नवरात्रात मुलांच्या बाथरूमचाही व्हॉल्व आणि निपल तपासून घ्यायची आहे.